डिंकआत्याची उसनी थुंकी

भाच्याने कागद पुठ्ठ्यावर चिकटवला तो अगदी झकास. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. चारही कोपरे असे निजले होते की जणू जन्मल्यापासून तिथेच होते. आत्याच्या बाइंडिंगच्या दुकानात आल्यापासून इतकं सफाईदार काम त्याच्या हातून झालं नव्हतं. फक्त तो कागद उलटा चिकटवला होता.

उलटा म्हणजे डोकं खाली, पाय वर असा नव्हे. तसं असतं तर पुठ्ठा फिरवून भागलं असतं. जे चित्र लोकांनी बघायचं ते आत, पुठ्ठ्याला तोंड लावून, आणि कागदाची पाठ बाहेर, ऐटीत जगाकडे बघत.

आता भाच्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. कागद आणून दिला तो शाळेच्या बाईंनी. या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सबंध गल्लीला त्यांनी विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे अजूनही त्या समोरून आल्या की मोठमोठी माणसं खिशातून हात बाहेर काढत. कागदाच्या एका बाजूला पेन्सिलीने रेखीव काढलेली माणसाची पचनसंस्था होती, नावं दिलेली, बाण मारलेले, वर लाल शाईत गुण. दुसऱ्या बाजूला काहीतरी पुसट गिरगोटलेलं होतं. "हे पुठ्ठ्यावर नीट लावून हवंय, पण मागची..." असं बाई म्हणाल्या आणि भाचा म्हणाला, "हो बाई!" समोरच्याचं वाक्य संपायच्या आत होकार द्यायची त्याची जुनी खोड. शाळेतही तो प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायचा आणि मग उभा राहून छताकडे बघायचा.

आत्या त्या वेळी दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यायला गेली होती. खरं म्हणजे आत्याने भाच्याला दुकानात ठेवून घेतलं तेव्हा एकच अट घातली होती: मी सांगेपर्यंत खळीच्या भांड्याला हात लावायचा नाही. पण तिला चकित करावं असं त्याच्या मनात आलं. आणि तिला चकित करण्यात तो पुरेपूर यशस्वी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा सैल केला, पुठ्ठा बाहेर काढला, उजेडाकडे धरला. चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "आतडी बरी दिसतात."

"सुरकुती बघ एक तरी!" भाचा म्हणाला.

"बाई कुठेयत?"

"घरी असतील. का?"

"या चित्रात म्हणते मी. मागच्या बाजूला त्यांना काढलंय, तेच वर हवं, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. बाई कुठेयत?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

या आत्याला गल्लीत सगळे डिंकआत्या म्हणत. तिला स्वतःला ते नाव बिलकूल आवडत नसे, कारण डिंकाला तिने जन्मात हात लावला नव्हता. "डिंक एकदा धरला की सोडत नाही मेला," ती म्हणायची. "उद्या कुणाला ते पुस्तक उसवून पुन्हा बांधायचं झालं तर? चिकटवायचं ते सुटेल असं." म्हणून मैद्याची खळ, रोज सकाळी छोट्या शेगडीवर, लाकडी उलथन्याने, एका दिशेने ढवळत. दुकान तिच्या वडिलांचं. भाऊ, म्हणजे भाच्याचे वडील, खळीच्या वासाला कंटाळून नोकरीला लागले. आत्या शाळेतून येऊन दोऱ्याचं दुसरं टोक धरता धरता कधी सगळा दोराच हातात घेऊन बसली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लग्नाचं राहून गेलं की तिने राहू दिलं, यावर घरात अजून एकमत नाही. बुटकी, रुंद, चष्म्याची एक काडी बाइंडिंगच्या दोऱ्याने बांधलेली, आणि बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालेली की तिच्या अंगठ्याचा ठसा घ्यायला आलेला सरकारी माणूस हात टेकून परत गेला होता.

पण तिची खरी ओळख वेगळीच. तिच्या आसपास अडलेल्या गोष्टी हलायला लागत. शेजारचा कुलपं दुरुस्त करणारा आणि पलीकडचा शिंपी एका पायरीच्या हद्दीवरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एक दिवस आत्याने दोघांना हाक मारली, मोठ्या शिकंज्याच्या दांड्याची दोन टोकं दोघांच्या हातात दिली आणि "धरा घट्ट, सोडलात तर अख्खा शब्दकोश वाकडा होईल," असं सांगून दोरा आणायला निघून गेली. दांडा फिरवायचा तर "थोडं तुझ्याकडे", "जरा थांब" एवढं तरी बोलावं लागतंच. ती परत आली तेव्हा दोघं मिळून नगरपालिकेला शिव्या देत होते. आत्याने मध्यस्थी केली नाही, उपदेश केला नाही, तिचा दोराही खर्ची पडला नाही. दोघांना फक्त योग्य अंतरावर, योग्य कोनात उभं केलं. असे तिचे उद्योग.

तर ही आत्या पुठ्ठा हातात घेऊन म्हणाली, "जा, बाईंना बोलावून आण."

"आधी आपण काढून बघू की! सुटलं तर त्यांना कळायचंही नाही."

"चित्र त्यांचं आहे. बिघडलं तर त्यांच्या डोळ्यांदेखत बिघडेल."

भाचा गेला. जाताना त्याने मनातल्या मनात आपली पिशवी भरली. कुरियरच्या कामावरून त्याला काढलं होतं, कारण तो पत्ता पुरता वाचायच्या आत निघायचा. बेकरीतून काढलं होतं, कारण पाव फुगायच्या आत तो भट्टीचं दार उघडायचा. आता आत्याही वडिलांना निरोप धाडेल, 'घेऊन जा तुझा दागिना.' त्यापेक्षाही जिवाला लागलं ते वेगळंच. परत येताना वाटेत बाईंनी विचारलं, "झालं का रे माझं चित्र?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून चटकन 'हो' आलं नाही.

दुकानात बाईंनी पुठ्ठा पाहिला आणि त्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत, आणि ते फारच वाईट होतं.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्याच वर्गात होता. मी नवीनच लागले होते. परीक्षेला देखरेखीला बसले आणि खुर्चीत डुलकी लागली. या पठ्ठ्याने पेपर सोडवता सोडवता मागच्या पानावर मला काढलं. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी त्याला बाहेर उभं केलं होतं दिवसभर." त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. "तो गेल्यावर ट्रंकेत सापडला हा कागद. त्याने काढलेलं दुसरं काहीच राहिलं नाही माझ्याकडे."

भाच्याने जमिनीकडे बघितलं. जमीन दुभंगण्याची चिन्हं नव्हती.

"पाण्यात भिजवला तर?" बाईंनी विचारलं.

"हा कागद?" आत्या म्हणाली. "परीक्षेचा स्वस्तातला, त्यात इतका जुना. भिजून लगदा होईल. आणि खळ नुसती ओली झाली की शेंबडासारखी ताणते. ओढायला जावं तर पेन्सिलीचं शिसं बरोबर घेऊन जाईल. वाफ दिली तरी तेच. एकच उपाय आहे. बाबा करायचे." ती जराशी संकोचली. "तुम्हाला चालणार असेल तर. थुंकीने."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे काही पसरलं ते भाच्याने शाळेत कधीच पाहिलं नव्हतं. खडू हातात घेतल्यासारखी त्यांची बोटं मिटली. "अहो आत्या," त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर! मी हे पन्नास वेळा फळ्यावर लिहिलं असेल, पण कुणाला करताना पाहिलं नाही."

"आणि मी आयुष्यभर केलं, पण का होतं ते मला कुणी सांगितलं नाही," आत्या म्हणाली. "पण अडचण अशी, की माझ्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. चिमणीला पुरेल एवढीही थुंकी निघत नाही हल्ली."

दोघींनी एकाच वेळी भाच्याकडे पाहिलं.

"चूक तुझी," आत्या म्हणाली, "थुंकीही तुझीच. जा, चांगल्या चार चुळा भरून ये. आणि त्या काचेच्या वाटीत."

मग काम सुरू झालं. आत्याने चित्राला हातच लावला नाही. पुठ्ठा पालथा घातला आणि मागून पातळ सुरीने त्याचे पदर एकेक करून सोलायला घेतले, कांद्याचे सोलावेत तसे, कोरडेच. शेवटी कागदाला चिकटलेला एकच पापुद्रा उरला. त्याखाली खळ, आणि खळीखाली बाई, झोपलेल्या. आत्याने काडीला कापसाचा बोळा गुंडाळला, वाटीत बुडवला, टिपकागदावर टेकवून जास्तीची ओल काढली आणि एका कोपऱ्यावर ठेवला. ठेवला आणि थांबली.

"घास की," भाचा कुजबुजला.

"घासायचं नाही. ठेवायचं आणि वाट बघायची."

"पण हे करतं काय नक्की?"

त्या प्रश्नाची बाई जन्मभर वाट बघत असाव्यात. "खळ म्हणजे मैदा. मैद्यात पिष्ट. पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ."

"साखरेची? मग खळ गोड का लागत नाही?"

"खाल्लीस वाटतं?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"जिभेला सुटा मणी कळतो, माळ कळत नाही," बाई म्हणाल्या. "पाव चावत बसलास की थोड्या वेळाने गोडसर लागतो ना? कारण थुंकीत एक विकर असतो, एन्झाइम. तो ती माळ तोडतो. आता नुसत्या पाण्यात ती आपणहून तुटायची म्हटली तरी तुटेल, नाही असं नाही. पण तोवर तुझे पणतू म्हातारे होतील."

"माझं अजून लग्न व्हायचंय, बाई."

"त्याच्याही नंतर."

आत्या हसली तेव्हा बोळा हलला म्हणून तिने स्वतःलाच दटावलं.

"आपण काडी कशी मोडतो?" बाई पुढे म्हणाल्या. "दोन टोकं धरून ओढली तर मोडत नाही. नखावर टेकवून नेमकी एका जागी वाकवली की कट्कन मोडते. विकराच्या अंगाला एक बेचकं असतं, त्यात माळ बसते, नको त्या कोनात वाकते आणि सांध्यात तुटते. लगेच हा तिला सोडून पुढच्या सांध्याला. एका क्षणात किती, ते सांगितलं तरी तुला खरं वाटायचं नाही. जे होणारच असतं पण होता होत नसतं, तेवढंच तो करतो. अशक्य ते शक्य नाही करत."

कोपऱ्यातला पापुद्रा आता किंचित सरकला. आत्याने चिमट्याने तो उचलला. खाली खळ पाण्यासारखी पातळ झाली होती. तिने नवा बोळा त्यावरून घासला नाही, लाटण्यासारखा फक्त फिरवला. टोकाला पेन्सिलीची एक रेघ दिसली. खुर्चीचा पाय.

"आणि गंमत अशी, की कागदसुद्धा त्याच साखरेच्या माळांचा असतो," बाई सहज म्हणाल्या.

भाचा उडालाच. "अहो मग कागदही जाईल! आत्या, थांब!"

"बस खाली. मणी तेच, पण ओवलेत वेगळे. एक सुलटा, एक उलटा. ती माळ या विकराच्या बेचक्यात बसतच नाही. म्हणून तर तू वही चावून खाल्लीस तरी पोट भरत नाही."

"उलटं-सुलटं हा आमच्याकडे नाजूक विषय आहे, बाई," आत्या म्हणाली.

काम गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत होतं. आणि भाच्याच्या अंगात घाई शिरली. दोघी चित्रावर वाकलेल्या पाहून त्याने वाटी हळूच उचलली आणि शेगडीवरच्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवली. हेतू चांगला होता. गरम केलं की सगळंच लवकर होतं: चहा, भात, भांडण. मग वाटी पुसून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, परत जागेवर ठेवली.

आत्याने पुढचा बोळा ठेवला. थांबली. आणखी थांबली. पापुद्रा हलेना. दुसरा बोळा. तोही नाही. तिच्या कपाळावर घाम आला. तिथे खाली नेमका बाईंचा चेहरा होता. आणि आता कागद ओला होऊन फुगायला लागला होता.

"थकलं की काय हे?" ती पुटपुटली.

बाईंनी वाटीला बोट लावलं आणि सावकाश मान वळवली. वर्गात शेवटच्या बाकाकडे वळवावी तशी. "तापवलंस?"

"जरासं... लवकर व्हावं म्हणून..."

"ऊब लागते त्याला, उकळी नाही. अंड्याचा पांढरा बलक शिजला की पुन्हा कच्चा होतो का? तसाच हा. त्याची सगळी करामत त्याच्या घडीत असते. घडी मोडली की बेचकं गेलं. आता ते नुसतं ओलं पाणी आहे."

"टिपकागद," आत्या म्हणाली. कोरडा टिपकागद तिने चेहऱ्यावरून हलकेच दाबला. "आणि दुसरी वाटी. भर. पटकन."

आत्याच्या तोंडून 'पटकन' हा शब्द भाच्याने पहिल्यांदा ऐकला. पाचावर धारण बसली. भीतीने तोंडचं पाणी पळतं असं तो नेहमी म्हणत आला होता. ते खरोखर पळतं हे त्याला आत्ता कळलं. वाटी तोंडाशी धरून तो उभा, आणि जीभ टाळूला चिकटलेली.

"येत नाही, आत्या."

"लिंबू चोख म्हणावं तर घरात आहे एक," आत्या म्हणाली.

"नको, नको! आंबट वाटीत उतरलं तर विकर पुन्हा बिघडेल, आणि कागदही," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, भाच्याच्या समोर स्टूल ओढून बसल्या. आपल्या भावाचं एकुलतं एक चित्र ज्याने दोनदा घालवायला काढलं, त्याच्या डोळ्यांत रोखून बघत त्या वर्गातल्या आवाजात सांगू लागल्या. "डोळे मीट. लिंबू घेतलंय. पिवळंधमक, पातळ सालीचं. सुरीने मधोमध कापलं. रस हातावर ओघळला. आता अर्धी फोड उचलून दातांमध्ये धरलीस. चाव. जोरात चाव! बी लागली दाताखाली, तीही फुटली..."

भाच्याचं तोंड वाकडं झालं, गाल आत गेले. आणि मग धार लागली. दारात माप घ्यायला आलेला शिंपी हे दृश्य बघून एक शब्द न बोलता परत गेला.

नवी वाटी आत्याने आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवली, तेवढ्याच उबेत. बोळा ठेवला. तिघांनीही श्वास रोखला. पापुद्रा सुटला, कपाळावरून, मग नाकावरून, मग उघड्या तोंडावरून. खाली एक विशीतली मुलगी खुर्चीत मान टाकून झोपली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि वेणीचं टोक शाईच्या दौतीत. वेणीचं बाईंनाही आठवत नव्हतं. डाव्या हाताची बोटं मात्र पुसट झाली होती, आणि खुर्चीचा मागचा एक पाय पापुद्र्याबरोबर कायमचा निघून गेला होता. वाट बघायचा धीर नसलेल्या माणसाने लावलेली खळ तिथे जरा जास्तच जाड होती.

बाईंनी खूप वेळ पाहिलं. "तीन पायांच्या खुर्चीवरही किती गाढ झोपलेय बघा," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला खाली बघितलं ते बराच वेळ वर पाहिलं नाही.

साध्या पाण्याच्या बोळ्याने थुंकीचा शेवटचा अंश टिपून झाल्यावर आत्याने कागद उलटला. पलीकडच्या पचनसंस्थेला धक्का लागला नव्हता, फक्त वरची लाल शाई थोडी पसरली होती. बाई वाकून वाचू लागल्या आणि एकदम थबकल्या.

"काय झालं?" भाच्याचा जीव पुन्हा वर.

"अर्धा गुण कापला होता मी त्याचा. लाळग्रंथी काढायला विसरला म्हणून." लाल शाईतला तो अर्धा आता पसरून ओळखूच येत नव्हता. बाईंनी तो नीट निरखला. "जाऊ दे. असू दे तसाच."

निघताना भाच्याने त्यांना दारातच गाठलं. "बाई, इतकं तोडून तो विकर संपत नाही?"

"काम करून नाही संपत. जसा जातो तसा बाहेर येतो, दुसऱ्या कामाला मोकळा. पण अमर नाही हं. केव्हा तरी मोडतोच, मग शरीर नवा घडवतं." त्या क्षणभर थांबल्या. "आणि हे बघ, आज तू माझं वाक्य पूर्ण होऊ दिलंस."

कागद वाळल्यावर आत्याने त्याच्या वरच्या कडेला लावायला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या कापल्या, म्हणजे पुठ्ठ्यावर तो पानासारखा उलटेल आणि दोन्ही बाजू दिसतील. मग खळीचं भांडं तिने उचललं आणि भाच्याच्या पुढ्यात ठेवलं. भाच्याने ब्रश घेतला, कागद उचलला, कुठली बाजू वर आहे ते बघितलं, पुन्हा बघितलं, आत्याला विचारलं, आणि मग दोन ठिपके लावले.

काम आटोपल्यावर आत्या बाहेरच्या बाकावर जाऊन पाण्याचे घोट घेत बसली. सकाळपासून वाकून तिची पाठ धरली होती. भाचा शेजारी टेकला. त्याचं मन भरून आलं होतं, आणि ते भरलं की त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे.

"आत्या, तूही त्या विकरासारखीच आहेस बघ. कुलूपवाला, शिंपी, बाई, मी, सगळ्यांचं अडलेलं सोडवतेस आणि स्वतः आहेस तशीच. संपतच नाहीस."

आत्याने पेला खाली ठेवला.

"संपते की. म्हणून तर तुला ठेवलंय."